एकाच मापाचे स्वेटर

पनवेलला कसली आलीय थंडी, असं आमच्या पहिल्या मजल्यावरचे साठे मला दर डिसेंबरात ऐकवतात. ऐकवतात ते माकडटोपी घालून. मी एकदाच म्हटलं होतं, "साठे, एक रात्र पुलाखाली फरशीला पाठ लावून बघा, मग बोलू." तेव्हापासून ते मला जिन्यात टाळतात. मला टाळणाऱ्यांची यादी तशी लांब आहे, त्यात एकाची भर पडली.

माझं नाव मिल्का आपटेकर. वय सत्तर. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पणजोबा आपट्याहून पनवेलला आले म्हणून आपटेकर. माझ्या मजल्यावरच्या बाकी तीन घरांतही आमचेच लोक होते. एकेक करून सगळे इस्राएलला गेले. जाताना दाराच्या चौकटीवरची मझुझा, म्हणजे पवित्र वचनाची डबी, काढून नेली आणि खिळ्यांची भोकं मागे ठेवली. नव्या बिऱ्हाडांनी त्या भोकांवर गणपतीच्या टाइल्स लावल्या आहेत. छान दिसतात. पण त्या दारांतून मला कोणी हाक मारत नाही.

हाक मारतात ती फक्त गुरुवारी. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमचं विणकामाचं मंडळ बसतं. रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी स्वेटर, टोप्या, मफलर विणायचे, एवढंच काम. हॉल फिलोमिनाच्या ताब्यात असतो, ती चर्चची सगळी उठाठेव बघते. हलीमा मुकादम मशिदीच्या गल्लीतून येते, माझ्याच वयाची आहे. आणि ओवे गावची किशोरी घरत, पंचेचाळिशीची. तिच्या सासऱ्यांची भाताची जमीन सरकारने घेतली आणि भरपाईतून दारात मोठी गाडी आली. त्या गाडीतून ती आम्हाला लोकर आणून देते आणि दर वेळी सांगते, "मावशी, पेट्रोल नवऱ्याचं हाय, तुमी कनाला टेन्शन घेता?"

आणखीही चारपाच जणी येतात-जातात, पण मुख्य आम्ही चौघी. तिकडे इस्राएलमध्ये लढाई पेटली तेव्हा हलीमा आणि मी महिनाभर त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. महिन्यानंतरही बोललो नाही. माझा भाऊ तिकडे राहतो हे तिला ठाऊक आहे, तिचं मन कोणासाठी तुटतं हे मला ठाऊक आहे. दोघी मान खाली घालून विणत राहिलो.

विणायला त्यांना मी शिकवलं. सुलटा टाका, उलटा टाका, बाही कुठे घटवायची, गळा कसा बंद करायचा, सगळं. मी शिकवते म्हणजे ओरडते. हलीमाचा हात इतका सैल की तिच्या मफलरमधून पलीकडचं दिसतं. फिलोमिना बोलण्याच्या नादात टाके गाळते. किशोरीचं तर विचारूच नका, तिने विणलेल्या पहिल्या टोपीत तिचा नवरा कांदे ठेवायचा. माझं काम मात्र असं की उलट बाजू कोणती आणि सुलट कोणती, ते बोट फिरवून शोधावं लागतं. याचा मला गर्व होता. आहे.

विणलेलं वाटायला जायचा वार ठरवताना फार गंमत झाली. हलीमा म्हणाली जुम्म्याचं दान मोठं. किशोरी म्हणाली शुक्रवार देवीचा वार, चांगलाच. फिलोमिनाला शनिवार-रविवार चर्चचं काम. शुक्रवार नको होता तो एकट्या मला. शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ लागतो. मी दिवे लावते, मग शनिवारचे तारे दिसेपर्यंत काम नाही, गाडी नाही, सुईला हात नाही. तीन धर्मांचं एकमत क्वचित होतं, ते मी कशाला मोडू? म्हटलं, "तुम्ही जा वाटायला. मी विणून देईन."

म्हणून तीन हिवाळ्यांत मी एकदाही वाटायला गेले नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिव्यांसमोर बसायचे आणि मनात म्हणायचे, आत्ता स्टेशनजवळ कोणीतरी माझा स्वेटर डोक्यातून घालत असेल. हे सांगायला लाज वाटते, पण माझ्या आठवड्यात दुसरं काहीच नव्हतं. या गावात एका माणसाच्या अंगावर माझ्या हातचं काहीतरी असावं, एवढ्यावर मी शनिवार काढायचे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी फिलोमिनाला ताप होता. तिने हॉलची किल्ली माझ्याकडे पाठवली. मी लवकर गेले. राखाडी लोकर संपली होती म्हणून भिंतीकडचं लोखंडी कपाट उघडलं. ते फिलोमिनाच उघडायची, मी कधी हात लावला नव्हता. वरच्या कप्प्यात जुने पडदे. खालच्या कप्प्यात स्वेटर, नीट घड्या घातलेले. मध्ये मध्ये डांबराच्या गोळ्या.

मी पहिला उचलला. माझा. दुसरा, माझा. निळा, चॉकलेटी, शेवाळी, सगळे माझे. खाली बसून मोजले. बावीस. तीन हिवाळ्यांत मी चोवीस केले होते.

हलीमा आणि किशोरी आल्या तेव्हा मी जमिनीवरच होते, मांडीवर स्वेटरांची चळत घेऊन. किशोरी दारातच थबकली. हलीमाने चप्पल काढायलाही वेळ लावला.

"बाकीचे दोन कुठे आहेत?" मी विचारलं.

किशोरीने हलीमाकडे बघितलं.

"हलीमा, मी तुला विचारते."

"मिल्का, खफा होऊ नकोस," ती म्हणाली. "एक एकाने घेतला होता. त्याने बाह्या कापल्या न् पायात घातल्या. मोज्यासारख्या. मधला भाग त्याच्या कुत्र्याला घातला."

"आणि दुसरा?"

"दुसरा एका म्हाताऱ्याने उशाला घेतला. डोकं आत जाईना त्याचं."

किशोरी मध्ये पडली. "मावशी, लय भारी विनलेत हो. पन ती मानसं तीन-तीन शर्ट घालून झोपतात. तुमचं अंगात बारीक होतं न् बाह्या ह्या अशा गुडघ्यापर्यंत. जेवताना हात बाहेर नाय येत. आमी लय जनांना घालून बघितलं."

"तीन वर्षं?"

"हां."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं," हलीमा म्हणाली. "तू आमची उस्ताद. तुला कोण सांगणार?"

म्हणजे त्यांचे भोकं पडलेले मफलर गावभर गळ्यांत फिरत होते आणि माझं काम कपाटात डांबराच्या गोळ्या खात होतं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ढोंगी म्हटलं. माझी कीव करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, असं म्हटलं. किशोरीला तर, तुझ्याकडून टोपी धड होत नाही आणि माझं माप काढतेस, असंही म्हटलं. तिचे डोळे भरले. मी बावीस स्वेटर दोन पिशव्यांत कोंबले आणि रिक्षा करून घरी आले. हलीमा रिक्षापर्यंत मागे आली होती. मी बघितलं नाही.

पुढचे दोन गुरुवार गेले नाही. 'लोकर गुरुवार' नावाचा आमचा ग्रुप आहे, त्यावर फिलोमिनाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. मी ते उघडलं नाही, म्हणजे उघडलं, पण उत्तर दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर हलीमा, हातात डबा. तिचे गुडघे कामातून गेलेले आहेत आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते. तरी मी दार उघडलं नाही. तिने तीनदा बेल दाबली, थोडा वेळ भिंतीला टेकून दम खाल्ला आणि उतरू लागली. तिची शेवटची पायरी ऐकू येईपर्यंत मी दाराला कान लावून उभी होते. मग डबा बाहेर ठेवलाय का ते पाहिलं. ठेवला नव्हता. बरोबरच आहे, मीही ठेवला नसता.

त्या रागाच्या भरात ठरवलं की सगळे स्वेटर उसवून टाकायचे. शुक्रवारी सकाळी कात्री घेऊन बसले आणि एकेक पलंगावर पसरत गेले. एकावर एक ठेवले तर काठाला काठ लागला. खांद्याला खांदा, बाहीला बाही. बावीसच्या बावीस, बोटभराचाही फरक नाही. मी कधी टेप वापरत नाही, मोजून टाके घालत नाही. सुई हातात घेतली की बोटं आपोआप अठ्ठ्याण्णव टाक्यांवर थांबतात. बाही लांब ठेवायची हेही हाताला पाठ.

लांब हात, अरुंद खांदे, काडीसारखा देह. पलंगावर बिनू पडला होता.

बिन्यामिन, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान. पंच्याऐंशी साली तो गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, सहा फूट उंच आणि फुंकर मारली तर उडेल असा. तिकडे थंडी असते म्हणून मी त्याच्यासाठी पहिला स्वेटर विणला. मग दर वर्षी एक. आई म्हणायची, मी इथली माती सोडून कुठेही येणार नाही, म्हणून मी राहिले. आई गेली तेव्हा नोकरीची बारा वर्षं उरली होती. ती संपली तेव्हा 'ये आता इकडे' असं तोंडदेखलं सगळे म्हणाले, आणि मीही तोंडदेखलं 'बघू' म्हटलं. तिकडे पार्सल पाठवणं परवडेना तेव्हा स्वेटर बंद झाले. हात मात्र थांबले नाहीत, त्यांनी गावातल्या बेघरांच्या नावाने त्याच्यासाठीच विणणं चालू ठेवलं.

तसा मी त्याला दर आठवड्याला पाहते. इथला शब्बाथ सुटला की त्याचा व्हिडिओ कॉल येतो; तिकडे अजून दिवस असतो, पण तो तेवढं पाळत नाही. आता तो त्रेसष्ट वर्षांचा आहे. हनुवटी दोन आहेत, आणि पोट टेबलाच्या कडेवर ठेवून बोलतो. हे काही मला दिसत नव्हतं असं नाही.

त्या शनिवारी फोन आला तेव्हा मी पहिलं वाक्य तेच बोलले. "बिनू, तुझी छाती किती?"

"का गं? काय झालं? इथल्या डॉक्टरने तुला फोन केला का?"

"इंचांत विचारते. रेमाला सांग, टेप आण."

रेमा म्हणजे माझी भावजय. ती हसत हसत टेप घेऊन आली, त्याने हात वर केले. इतक्या लांबून मला नुसतं दिसत होतं. एकशे अठरा सेंटिमीटर. मी कागदावर हिशोब केला. सेहेचाळीस इंच.

"मी तुला चौतीसचे पाठवत होते," मी म्हटलं.

"अगं हो!" तो हसला. "पण ताई, सगळे जपून ठेवलेत हं. कपाटात आहेत. एकही टाकला नाही."

"तू घालत नव्हतास?"

"पहिले दोन घातले की. मग लग्न झालं, रेमाच्या हातचं खाऊन वाढलो."

"म्हणजे बाकीचे..." मी मनात मोजत होते. पंचवीस तरी असतील. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला झोप आलीय. घड्याळात साडेसात झाले होते. फोन ठेवला आणि खूप रडले. बिनूसाठी नाही, तो खाऊन-पिऊन सुखी आहे. माझ्यासाठी रडले. चाळीस वर्षं मी ज्याला ऊब देत होते तो जगात कुठेच नव्हता, आणि हे बिनूच्या अश्दोदपासून पनवेलपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझ्यापर्यंत तेवढं आलं नव्हतं, कारण मी अशी बाई आहे की जिला कोणी काही सांगत नाही. तशी मी स्वतःच झाले. दाराला कान लावून उभी राहणारी.

डोळे पुसले आणि किशोरीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"किशोरी, टोपीवरून बोलले ते चुकलं माझं."

"मावशी, जाऊ द्या ना. टोपी वायटच होती."

"ती माणसं कुठे झोपतात ते मला दाखव. शुक्रवारी मला जमत नाही."

"मंग उद्याच येते. शिवरातीला थंडी शिव शिव करत जाईल, दिवस कुठं उरलेत?"

रविवारी सकाळी आठला ती आली. मी टेप, पेन्सिल आणि एक वही घेतली. स्टेशनजवळच्या पुलाखाली गाडी उभी करून ती मला आत घेऊन गेली. बहुतेक जण उठून कामाला, नाहीतर चहाच्या शोधात गेले होते. घड्या घातलेले पुठ्ठे खांबाला टेकवून ठेवलेले. एका खांबाशी एक म्हातारी बसली होती. अंगावर दोन पोलकी, त्यावर पुरुषी शर्ट, गळ्यात हलीमाचा जाळीदार मफलर. तो मी शंभर मफलरांत ओळखला असता.

"ही सखूबाय," किशोरी म्हणाली. "आमच्याच लोकांतली, तलोज्याकडची. आये, ही मिल्कामावशी. तुझं माप घ्यायला आली." मग ती चहा आणायला गेली आणि आम्ही दोघी उरलो.

"कनाला माप?" सखूबाईने विचारलं.

"स्वेटर करते तुम्हाला. बसेल असा."

"आमच्या लोकांनी मना कवाच मेलेल्यांत मोजून टाकलंय," ती म्हणाली आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. कोणी, कसं, ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. खांबाला धरून उभी राहिली.

"हात वर करा."

तिने हात वर केले. मी टेप तिच्या पाठीमागून घेतली. त्यासाठी मला दोन्ही हात तिच्याभोवती घालावे लागले आणि माझा गाल तिच्या खांद्याला लागला. शर्टाला धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. आतली बरगडी श्वासाबरोबर हलत होती, आणि ती गरम होती. इतकी गरम असतात माणसं, हे मी विसरले होते. शेवटचं कुणाला असं धरलं होतं ते आईला आंघोळ घालायचे तेव्हा. आईला जाऊन बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत माझ्या अंगाला बसमधल्या धक्क्यांशिवाय कुणी लागलं नव्हतं, आणि मी तक्रारसुद्धा केली नव्हती.

एकतीस इंच. मी वहीत लिहिलं. आकडा वाकडा आला. खात्री करायला पुन्हा टेप घातली. एकतीस. मग वाटलं, शर्टावरून घेतलंय की पोलक्यावरून, बघायला हवं. तिसऱ्यांदा घातली.

"तीनदा मोजलंस गो बायो," सखूबाई म्हणाली. "मी काय वाढतंय काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे टाके मोजून ओरडणारी मी, आणि माझी चोरी एका म्हातारीने पकडली. टेप पटापट गुंडाळू लागले. "चुकत होतं," असं काहीतरी पुटपुटले.

पण ती बसली नव्हती. तिचे हात अजून वरच होते.

"मोज," ती म्हणाली. "मनाबी कोन हात लावीत नाय."

मी टेप उलगडली आणि पुन्हा तिच्या पाठीमागून घेतली. या वेळी आकडा बघायची घाई केली नाही. किशोरी तीन चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. चहा निवला, तेव्हा ती दुसरा आणायला गेली.